विश्लेषण : वैयक्तिक संकेतस्थळावर ‘दुव्यांचे पान’ हवे की नको?

शोधयंत्रे आणि ‘एआय’ सारांशांच्या काळात ‘आवडलेल्या संकेतस्थळांची यादी’ हा प्रकार कालबाह्य वाटतो. प्रत्यक्षात छोट्या लेखकांसाठी आणि मराठीसारख्या भाषेसाठी तिचे मोल वाढले आहे. ते कसे? आणि अशी यादी ठेवण्यातले धोके कोणते?

स्वतःचे संकेतस्थळ असणे ही आजही अनेकांना हवीहवीशी वाटणारी गोष्ट आहे. कोणी आपल्या कविता ठेवते, कोणी गडकिल्ल्यांच्या भटकंतीच्या नोंदी, कोणी पाककृती, तर कोणी आयुष्यभर जमवलेली वनस्पतींची छायाचित्रे. संकेतस्थळ उभे करताना मुखपृष्ठ, परिचय, लेखन आणि संपर्क ही पाने ठरलेलीच. वाद होतो तो पाचव्या पानावर. इतरांच्या चांगल्या संकेतस्थळांचे दुवे देणारे स्वतंत्र पान ठेवावे का? एकेकाळी हे पान नसलेले वैयक्तिक संकेतस्थळ अपुरे मानले जाई. आज ते ठेवणारे थोडे उरले आहेत आणि नव्याने संकेतस्थळ सुरू करणाऱ्यांना तर ते सुचतही नाही.

दुव्यांचे पान म्हणजे नेमके काय?

लेखाच्या ओघात एखाद्या शब्दावर दिलेला दुवा वेगळा आणि दुव्यांचे पान वेगळे. लेखातील दुवा त्या वाक्यापुरता असतो. विधानाला आधार देणे किंवा संदर्भ पुरवणे हे त्याचे काम. दुव्यांचे पान ही मात्र शिफारस असते. ‘माझे वाचून झाले असेल, तर आता इकडे जा’ असे ते पाहुण्याला सांगते. त्यात लेखकाला आवडणारी, त्याच्या विषयाशी जुळणारी किंवा त्याच्या मित्रमंडळींची संकेतस्थळे असतात. ब्लॉगच्या जमान्यात हीच यादी मुख्य मजकुराच्या शेजारी उभ्या पट्टीत दिसे. तिला ‘ब्लॉगरोल’ म्हणत.

ही पद्धत आली कुठून?

वेबचा जन्मच मुळी दुव्यांतून झाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेत जो प्रस्ताव मांडला, त्याचा गाभा एका दस्तावेजातून दुसऱ्यात जाता येणे हाच होता. वेब सुरू झाले तेव्हा शोधयंत्रे नव्हती. त्यामुळे जगात कुठे कोणता सर्व्हर आहे याची यादी सर्नमध्येच ठेवली जात असे. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या संकेतस्थळांची विषयवार यादी करायला सुरुवात केली. पुढे तिचेच नाव ‘याहू’ झाले. म्हणजे काही काळ जगातील सर्वांत मोठ्या इंटरनेट कंपन्यांपैकी एक असलेली कंपनी मुळात दोन जणांचे दुव्यांचे पान होती.

त्याच वर्षी अमेरिकेतील जस्टिन हॉल या विद्यार्थ्याने आपल्या वैयक्तिक पानावर दुवे आणि त्यांवरचे शेरे लिहायला सुरुवात केली. वैयक्तिक ब्लॉगलेखनाच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते. डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी ‘वेबलॉग’ हा शब्द वापरला, तोही वाचलेल्या पानांच्या दुव्यांची नोंद ठेवण्यासाठी. याच दशकात ‘वेबरिंग’ ही कल्पनाही रुजली. एकाच विषयावरची संकेतस्थळे साखळीसारखी जोडली जात आणि वाचक ‘पुढील’वर टिचकी मारत एकाकडून दुसऱ्याकडे जाई.

मग ती मागे का पडली?

पहिले कारण गुगल. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत दुव्याला मताचे रूप आले. ज्या पानाकडे अनेक महत्त्वाची पाने बोट दाखवतात, ते पान महत्त्वाचे, असे हे साधे तत्त्व. गंमत अशी, की लोकांनी हाताने केलेल्या याद्यांवरच हे शोधयंत्र उभे राहिले आणि ते इतके चांगले चालले, की याद्यांची गरजच संपली असे वाटू लागले. याहूची विषयवार निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली. स्वयंसेवकांनी १९९८ पासून चालवलेली ‘डीमॉझ’ ही निर्देशिका मार्च २०१७ मध्ये थांबली.

दुसरे कारण बाजार. दुव्याला किंमत आली तशी त्याची देवाणघेवाणही सुरू झाली. ‘तुम्ही माझा दुवा द्या, मी तुमचा देतो’ असे ईमेल संकेतस्थळचालकांना येऊ लागले. ज्यांचा विषयाशी काडीचाही संबंध नाही अशा हॉटेलांचे, औषधांचे, जुगाराचे दुवे पैसे घेऊन टाकले जाऊ लागले. यावर उपाय म्हणून २००५ मध्ये शोधयंत्रांनी ‘हा दुवा मत म्हणून मोजू नका’ असे सांगणारी ‘नोफॉलो’ ही खूण आणली. केवळ परस्पर देवाणघेवाणीसाठी केलेली दुव्यांची पाने गुगलच्या नियमांत आज ‘स्पॅम’च्या वर्गात मोडतात.

तिसरे कारण समाजमाध्यमे. मित्राने काय वाचले हे जाणून घ्यायला त्याच्या संकेतस्थळावर जायची गरज उरली नाही. ते फेसबुकच्या भिंतीवर आणि पुढे व्हॉट्सॲपच्या गटात आपोआप येऊ लागले. जुलै २०१३ मध्ये ‘गुगल रीडर’ बंद झाले आणि आवडत्या ब्लॉगांवर एकत्रित नजर ठेवण्याचे सर्वांत लोकप्रिय साधनही गेले.

नको म्हणणाऱ्यांचे मुद्दे काय?

ते हलके नाहीत. पहिला मुद्दा असा, की दुवा जिथे लागतो तिथेच द्यावा. एखाद्या लेखात तोरण्याच्या वाटेचे वर्णन असेल, तर नकाशाचा दुवा त्या ओळीत हवा. वेगळ्या पानावर पन्नास नावांच्या गर्दीत तो टाकून उपयोग नाही. दुसरा मुद्दा वाचकांचा. अशी पाने फारसे कोणी उघडत नाही, मग त्यावर वेळ का घालवायचा?

तिसरा मुद्दा नातेसंबंधांचा आणि मराठी मंडळींना तो चांगलाच ठाऊक आहे. यादी आली की मानापमान आला. लग्नपत्रिकेत कोणाचे नाव आधी छापायचे यावरून जे रुसवेफुगवे होतात, तेच इथेही होतात. एका कवीचा दुवा दिला आणि दुसऱ्याचा राहिला तर दुसरा विचारतो, ‘आमचे काय वाईट होते?’ मग भिडेखातर नावे वाढतात आणि शिफारशीचे पान हजेरीपटासारखे होते. चौथा आणि सर्वांत गंभीर मुद्दा म्हणजे दुवे मरतात.

दुवे मरतात म्हणजे काय होते?

अमेरिकेतील ‘प्यू रिसर्च सेंटर’ने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दशकभरानंतर उघडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियाच्या तपासलेल्या लेखांपैकी ५४ टक्के लेखांच्या संदर्भांत किमान एक मृत दुवा सापडला. विकिपीडियासारख्या हजारो हातांनी राखलेल्या ठिकाणी ही स्थिती असेल, तर एकट्याच्या संकेतस्थळाचे काय होणार याचा अंदाज करता येतो.

मृत दुवा ही केवळ गैरसोय नसते. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, दरवर्षी किंवा ठरावीक मुदतीने पैसे भरून टिकवावे लागते. मालकाने ते सोडले की कोणीही विकत घेऊ शकतो. जुन्या नावाला मिळालेल्या दुव्यांचा फायदा उठवण्यासाठी जुगार, फसवणूक किंवा अश्लील मजकूर चालवणारे अशी नावे मुद्दाम हेरतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्या पानावर बालकविता होत्या, तिथे आज सट्ट्याची जाहिरात असू शकते आणि तिकडे बोट दाखवणारे नाव असते यादी ठेवणाऱ्याचे. म्हणून ‘एकदा पान केले, काम संपले’ ही वृत्ती या बाबतीत चालत नाही. ज्याला देखभाल जमणार नाही, त्याने हे पान ठेवू नये हेच बरे.

तरीही आता पुन्हा गरज का?

कारण ज्या दोन व्यवस्थांनी दुव्यांच्या पानाची जागा घेतली, त्या दोन्ही आता वाचकाला बाहेर पाठवण्यास फारशा उत्सुक नाहीत. गुगलची ‘एआय ओव्हरव्ह्यू’ ही सोय मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आली. शोधाच्या निकालांवर तयार उत्तर दिसू लागले. प्यू रिसर्चने अमेरिकेतील सुमारे ९०० जणांच्या मार्च २०२५ मधील वापराची पाहणी केली. असा सारांश दिसला तेव्हा खालच्या निकालांपैकी एखाद्यावर टिचकी मारण्याचे प्रमाण ८ टक्के होते. सारांश नसताना ते १५ टक्के होते. सारांशातच दिलेल्या दुव्यावर जाणारे तर अवघे १ टक्का. उत्तर मिळते, पण ते उत्तर ज्याच्या मेहनतीतून आले त्याच्या दारात कोणी जात नाही.

समाजमाध्यमांचेही तसेच. इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेल्या मजकुरातील दुव्यावर टिचकी मारता येत नाही. म्हणून ‘दुवा बायोमध्ये आहे’ हे वाक्य सर्वत्र दिसते. ही अडचण सोडवण्यासाठी ‘लिंकट्री’सारख्या कंपन्या २०१६ पासून उभ्या राहिल्या. त्या विकतात काय, तर दुव्यांचे एक पान! फरक इतकाच, की त्या पानावर बहुतेक वेळा स्वतःचेच दुवे असतात, इतरांचे नसतात. व्हॉट्सॲपवर आलेला दुवा तर दोन दिवसांत शुभसकाळच्या संदेशांखाली गाडला जातो. वर्षभराने तो शोधायचा म्हटले, तर नेमका कोणत्या गटात आला होता हेच आठवत नाही.

याहून महत्त्वाचे कारण जतनाचे आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेले ‘इंटरनेट आर्काइव्ह’ जुन्या पानांच्या प्रती ठेवते आणि २००१ पासून त्या ‘वेबॅक मशीन’मधून सर्वांना पाहता येतात. पण त्यासाठी पाने गोळा करणारे संगणकीय कार्यक्रम मुख्यतः दुव्यांवरून पुढे सरकतात. ज्या पानाकडे कोणाचाच दुवा जात नाही, ते त्यांना सहसा सापडत नाही. शोधयंत्रांचेही बरेचसे तसेच आहे. त्यामुळे एखाद्या छोट्या संकेतस्थळाला दिलेला दुवा ही केवळ वाचकाची सोय नसते. त्या संकेतस्थळाच्या मागे काहीतरी उरण्याची शक्यता त्यामुळे वाढते. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने आपली ‘जिओसिटीज’ ही मोफत वैयक्तिक पानांची सेवा अमेरिकेत बंद केली, तेव्हा स्वयंसेवकांनी घाईघाईने जमेल तितकी पाने उतरवून घेतली. जे हाती लागले ते वाचले. जे लागले नाही, त्याचा मागमूसही उरला नाही.

मराठीसाठी वेगळे महत्त्व काय?

मराठी इंटरनेटवर मोठी नावे टिकून आहेत. १९९६ पासूनचे ‘मायबोली’ आजही चालू आहे, १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया चालू आहे. प्रश्न आहे तो एकट्या माणसांनी चालवलेल्या संकेतस्थळांचा. ती शोधयंत्रात सापडणे अनेक कारणांनी अवघड असते.

पहिले कारण लिपीचे. युनिकोड रुळण्याआधीची बरीच मराठी पाने त्या त्या फॉन्टवर अवलंबून होती. फॉन्ट संगणकावर उतरवला तर मराठी दिसे, नाहीतर रोमन अक्षरांचा काला. संगणकाच्या लेखी त्या पानांवर देवनागरी मजकूरच नाही. त्यामुळे ‘शिवनेरी’ असे टाइप करून ती सापडत नाहीत. दुसरे कारण चित्ररूप मजकुराचे. जुनी मासिके, गावच्या जत्रेच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल अनेकांनी कष्टाने स्कॅन करून ठेवले आहेत. पण पानाचे छायाचित्र म्हणजे मजकूर नव्हे. त्यातले शब्द वेगळे काढलेले नसतील, तर शोधयंत्राला ते वाचता येतीलच असे नाही. तिसरे कारण शुद्धलेखनाचे आणि रोमन लिपीत शोधण्याच्या सवयीचे. ‘पुरणपोळी’ शोधणारे अनेक जण ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात आणि मग निकालांत मोठी इंग्रजी संकेतस्थळे पुढे येतात.

या तिन्ही अडचणींवर एक साधा उपाय आहे : ज्याला ते पान ठाऊक आहे, अशा माणसाने ‘हे इथे आहे आणि त्यात हे आहे’ असे चार शब्द युनिकोडमध्ये लिहून दुवा देणे. समजा, साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षकाने कास पठारावरील फुलांच्या स्थानिक नावांची नोंद आपल्या संकेतस्थळावर केली आहे. कोल्हापूरच्या एखाद्या वनस्पतिप्रेमीने आपल्या दुव्यांच्या पानावर तिची एका ओळीत ओळख दिली, तर ती नोंद शोधणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची एक वाट तयार होते. अशा पाच-सहा वाटा तयार झाल्या, की त्या विषयाचा एक छोटा मराठी परिसरच उभा राहतो. शोधयंत्र वा समाजमाध्यम यांच्या मर्जीवर तो अवलंबून नसतो.

याद्या करणे हे काम मराठीत कधीच कमी प्रतीचे मानले गेलेले नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली. त्या सूचीवाचून त्या काळाच्या साहित्याचा अभ्यास करणे आजही कठीण आहे. दुव्यांच्या पानाची तुलना एवढ्या मोठ्या कामाशी होऊ शकत नाही. पण कोणीतरी बसून नोंद केली म्हणून पुढच्याला वाट सापडली, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

पान ठेवायचेच, तर कसे?

पहिली गोष्ट, ते लहान असावे. दहा ते वीस दुवे एका माणसाला राखता येतात. दोनशे दुवे म्हणजे निर्देशिका. ती राखताना याहूसारखी कंपनीही थकली. दुसरी गोष्ट, प्रत्येक दुव्यापुढे निदान एक वाक्य असावे. ‘छान संकेतस्थळ’ हे वाक्य नव्हे. ‘कोकणातील जुन्या घरांच्या बांधणीवर मोजमापांसह लेख, २०१६ नंतर नवीन लेखन नाही’ हे वाक्य. त्यातून वाचकाला जायचे की नाही हे ठरवता येते आणि दुवा उद्या मेला, तरी तिथे काय होते याची नोंद उरते. नुसत्या नावांच्या यादीत आणि शिफारशीच्या पानात फरक पडतो तो याच वाक्याने.

तिसरी गोष्ट, पानावर ‘शेवटची तपासणी’ म्हणून तारीख टाकावी आणि वर्षातून दोनदा सर्व दुवे उघडून पाहावेत. एखादा ठरलेला दिवस, जसे गुढीपाडवा आणि दिवाळी, लक्षात ठेवायला सोपा. दुवे तपासणारी मोफत साधने उपलब्ध आहेत. पण ती फक्त पान उघडते की नाही एवढेच सांगतात. तिथे अजून कविताच आहेत की सट्टा, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. चौथी गोष्ट, दुवा देतानाच त्या पानाची प्रत ‘वेबॅक मशीन’मध्ये साठवून ठेवावी. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि वेळही मिनिटभराचा. मूळ पान गेले, तर त्या प्रतीचा दुवा देता येतो. पाचवी गोष्ट, लांबलचक पत्त्याऐवजी संक्षिप्त दुवे वापरू नयेत. संक्षिप्त करून देणारी सेवा बंद झाली, तर मूळ पान जिवंत असूनही वाट तुटते.

राहिला भिडेचा प्रश्न. त्यावर उपाय म्हणजे पानाच्या वरच एका ओळीत निकष सांगणे. ‘या विषयावर मला उपयोगी पडलेली संकेतस्थळे, दुव्यांची अदलाबदल केली जात नाही’ असे लिहिले, की निम्मे मागणीचे ईमेल थांबतात आणि मित्रही समजून घेतात. पैसे घेऊन दुवा दिला असेल, तर तो याच पानावर मिसळू नये. वाचकाचा विश्वास एकदा गेला, की यादीतल्या प्रामाणिक नावांकडेही तो संशयाने पाहतो.

कोणी ठेवू नये?

व्यवसायाची माहिती देण्यापुरते संकेतस्थळ असेल, सांगण्यासारखे आवडते असे काही नसेल किंवा वर्षभरात संकेतस्थळाकडे फिरकणेच होत नसेल, तर हे पान नको. इतरांकडे आहे म्हणून भरलेले दुव्यांचे पान रिकाम्या पानापेक्षा वाईट. अशांनी लेखांमध्येच जिथल्या तिथे नीट दुवे दिले, तरी पुरे.

पण जो माणूस एखाद्या विषयात दहा-वीस वर्षे रमला आहे, त्याच्याकडे एक गोष्ट असते जी कोणत्याही यंत्राकडे नसते : त्या विषयातले कोण खरे काम करते आहे याची पारख. ती त्याच्या डोक्यात आणि व्हॉट्सॲपच्या गटात राहिली, तर त्याच्याबरोबरच संपते. पंधरा ओळींचे एक पान तिला बाहेर आणते. ‘ते कोण वाचणार?’ या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. असे पान हजार जणांनी वाचावे ही अपेक्षाच नसते. त्या विषयाच्या शोधात असलेला एक जण योग्य दारापर्यंत पोहोचला, की त्याचे काम झाले. गावात नव्याने आलेल्याला ‘पुस्तके हवीत? मग त्या गल्लीतल्या वाचनालयात जा’ असे सांगणारा माणूस जे करतो, तेच हे आहे. म्हणून ज्याला सांगण्यासारखे आहे आणि राखण्याची तयारी आहे, त्याने दुव्यांचे पान जरूर ठेवावे. मराठीत असे सांगणारे कमी झाले, तर दारे असूनही ती कुणाला सापडणार नाहीत.